दोन ते सहा, फोन जमा

३ नोव्हेंबर, सोमवार

पोळ्या करपल्या. दोन्ही. तव्यावर टाकून फोन बघत होतो. कुठल्यातरी थंड देशातला एक माणूस गंजलेली पक्कड साफ करत होता. बोलत नाही, तोंड दाखवत नाही, नुसते हात. पक्कड चकाकली तेव्हा मला वास आला. बरी बाजू तोडून ठेच्याशी खाल्ली.

पोराने, निखिलने, काल पुण्याहून सांगत सांगत फोनमधली एक जागा उघडून घेतली. दिवसभरात किती पाहिलं ते तिथे दिसतं. कालचं: सात तास बारा मिनिटं. दारूगोळ्याच्या डेपोत ड्यूटी आठ तासांची होती. जेवणाची सुट्टी वजा केली तर अख्खी पाळी भरली की. रिटायर होऊन तीन वर्षं झाली आणि मी अजून कामावर जातोच आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रात्री आठला पुण्याचा फोन, रोजच्यासारखा. ओवीने चप्पल दाखवली. मग दुसरी चप्पल दाखवली. नात अडीच वर्षांची आहे, तिच्याकडे दाखवायला पुष्कळ असतं. तिची आजी, शीला, मागे, अर्धी. कधी खांदा दिसतो, कधी नुसता हात.

"जेवले का?"

"जेवलो."

"काय केलतं?"

"पोळी-भाजी."

करपल्याचं सांगितलं नाही. सहा मिनिटांत आटोपलं.

सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून शीला गेली होती. मग तीन महिने, मग सून कामावर रुजू होईपर्यंत, मग ओवी चालायला लागेपर्यंत. आता ओवी पळते.

लिहायचं नव्हतं, पण लिहून टाकतो. जायच्या आदल्या संध्याकाळी शीला बॅग भरत होती आणि मी खाटेवर पडून विहिरीतून साप काढतात ते बघत होतो. ती म्हणाली, "तुमच्या बाजूले बसून बी एकटीच राहाचं, तं तिकडं काय वाईट?" मला ऐकू आलं होतं. स्पष्ट. मी व्हिडीओ थांबवला नाही. साप अजून निघायचा होता.

५ नोव्हेंबर, बुधवार

ठरवलं. आता हे आवरायचं. फोन फेकून देणार नाही, नाटकं नकोत. डेपोची पद्धत लावणार. गेटवर रजिस्टर असायचं: नाव, वेळ, काय काम, सही, बाहेर पडल्याची वेळ. मोठा साहेब असो की झाडूवाला, कामाशिवाय आत कोणी जात नसे. जुन्या वहीवर पट्टीने रेघा मारल्या.

आजच्या नोंदी:

सकाळी ७.१० आत. काम: भरली वांगी. ७.२२ बाहेर.

१०.०५ आत. काम: मिक्सरचं भांडं बसत नाही. ११.५० बाहेर.

मिक्सरचं काम चार मिनिटांचं होतं. बाकीचा वेळ पंजाबातला एक ट्रकवाला पराठे खात होता.

दुपारी १.३० आत. काम:

इथे पेन थांबला. बराच वेळ. शेवटी "काम नाही" असं लिहिलं, सही केली आणि आत गेलो. आमचा दरवान वासुदेव गेटवर असता तर कॉलर धरून बाहेर काढलं असतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मिक्सर दुरुस्त झाला. खालचं रबर उलटं बसलं होतं. हे काम फोनमुळेच झालं, खोटं कशाला बोलू. उगाच शेंगदाण्याचं कूट केलं, डबाभर. खायला कोण आहे?

निखिलच्या सांगण्यावरून आणखी एक बटण बंद केलं. आता एक संपला की दुसरा आपोआप लागत नाही. संपला की संपला. आणि मग घर ऐकू येतं. फ्रिज गुरगुरतो. मोरीतला नळ. पलीकडच्यांच्या पोराला आई रागावते आहे. एवढंच. मी तिथे हातात फोन धरून बसलेला.

तेव्हा कळलं. मी काही बघत नाही. घरात कोणीतरी बोलत राहावं म्हणून लावून ठेवतो. तो ट्रकवाला निदान "हां जी" तरी म्हणतो.

९ नोव्हेंबर, रविवार

आज लाज वाटावी असं केलं. अकराला बाहेर पडलो असं लिहिलं. खरे पावणेएक वाजले होते. चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही. आणि आता स्वतःच्याच वहीत खोटी वेळ टाकतो. तपासायला येणार कोण होतं? तरी टाकली.

नुसत्या रजिस्टरने भागत नाही. गेटवर माणूस पाहिजे.

१० नोव्हेंबर, सोमवार

वासुदेवकडे गेलो. मागच्याच गल्लीत राहतो. आमच्या गेटवर तीस वर्षं दरवान होता. आत जाताना माचिस, तंबाखूची पुडी, पुढे मोबाइल आले तसे मोबाइल, सगळं त्याच्या खिडकीत जमा करायचं आणि नंबराचं टोकन घ्यायचं. कोणाचंही ऐकायचा नाही. स्वतःच्या सख्ख्या साळ्याची झडती घेतली होती त्याने. बायको गेली त्याला चार वर्षं झाली. मुलगा-सून सकाळी वर्ध्याला कामावर जातात, हा अंगणात खाट टाकून बसतो.

म्हटलं, "दोन ते सहा माहा फोन तुह्याजवळ ठेवून घेत जा."

"काऊन? बिघडला का?"

"फोन नाई बिघडला. मीच बिघडलो."

तो आधी हसला. मग माझं तोंड पाहून हसायचा थांबला. आत जाऊन बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. जुन्या कॅलेंडरवरचा सतरा आकडा कात्रीने कापून माझ्या हातावर ठेवला.

"हे टोकन. हरवलं तं फोन भेटणार नाई. सायबाची चिठ्ठी आणजो."

"कोणत्या सायबाची?"

"ते तुहं तू पाय. आन ध्यानात ठेव, जमा सामानाले दरवान हात लावत नाई. वाजो की जळो."

किती दिवसांनी त्याचा आवाज असा कडक ऐकला. त्यालाही बरं वाटलं असावं.

शीलाला सांगितलं नाही. महिना पूर्ण झाला की सांगीन. आधी सांगायचं आणि मग तोंडावर पडायचं, त्यापेक्षा हे बरं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोन ते सहा म्हणजे किती लांब असतं! काल झोपलो. आज झोप आली नाही. माळा आवरला. खिशाकडे हात आपोआप जातो. टोकन लागतं हाताला.

साडेतीनला स्टेशनवर जाऊन बसलो. प्लॅटफॉर्म तिकीट काढून. फोनवर रेल्वेचे व्हिडीओ किती बघायचो, गाडी येते, गाडी जाते. खरी गाडी आवाज फार करते आणि लवकर निघून जाते. नागपूरकडची गेली, मग मुंबईकडची. बाकावर शेजारी एक जण होता. समोर गाडी उभी असताना तो फोनवर गाडी बघत होता. त्याला काही बोलणार होतो, पण कोणत्या तोंडाने?

पुण्याची गाडी माझ्या वेळेत नाही. बरंच आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा आकडा: दोन तास चाळीस. निम्म्याहून खाली.

तुरीच्या शेंगा आल्या बाजारात. अर्धा किलो आणल्या, दुपारभर सोलत बसलो. सोल्यांची आमटी केली. फोन वासुदेवकडे, त्यामुळे बघून करता येईना. आठवून केली. शीला दाणे आधी परतायची की आधी वाटायची, हे आठवायला अर्धा तास गेला. पस्तीस वर्षं खाल्ली मी ती आमटी. चुलीपाशी उभा राहून पाहिली एकदाही नाही.

पातळ झाली. वासुदेवला वाटीभर नेऊन दिली. चाखून म्हणाला, "आमटी चांगली हाय. पाणी तेवढं जास्त आवडते वाटते तुले."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवा नियम केला. आठवड्याला तीन व्हिडीओ आधी निवडायचे, कागदावर लिहायचे, तेवढेच पाहायचे. आणि पडून नाही. खुर्चीवर बसून, चष्मा पुसून.

आज पहिला पाहिला. आसामकडचा एक म्हातारा बांबूची टोपली विणतो. अठ्ठावीस मिनिटं. मध्ये एकदाही पुढे ढकलला नाही. संपल्यावर बंद केला आणि तसाच बसून राहिलो, त्या टोपलीचा काठ त्याने कसा वळवला असेल याचा विचार करत. कितीतरी दिवसांनी एखादी गोष्ट पाहिली असं वाटलं. हे कोणाला सांगावंसं वाटलं. आठच्या फोनवर ओवीने बाहुलीची वेणी दाखवली, शीला मागे कपड्यांच्या घड्या करत होती. राहून गेलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सहाला टोकन घेऊन गेलो. डब्यातून फोन काढला तर नऊ मिस्ड कॉल. नवाच्या नऊ शीलाचे. पहिला दोन वीसला. शेवटचा चारला दहा कमी असताना.

"हा वाजत होता का?"

"वाजून राह्यलता. लय वाजला."

"मंग उचलला काऊन नाई?"

"जमा सामान होतं."

"अबे माह्या बायकोचा फोन होता!"

"म्या नाव नाई पाह्यलं. पाह्याचं नसते." वासुदेव खाटेवरून उठून उभा राहिला, गेटवर उभा राहायचा तसा. "तीस वर्षांत कोणाच्या सामानाले हात नाई लावला म्या. तुलेच सांगतलं होतं."

बरोबर आहे, मलाच सांगितलं होतं. पण घर पाच मिनिटांवर. एक हाक मारायला आला असता तर काय गेलं असतं? मी बोललो नको ते. "दरवानच राह्यला तू, माणूस नाई झाला," असं म्हणालो. त्याचं तोंड उतरलं.

रस्त्यातूनच लावला. चौथ्यांदा उचलला तिने. मागे ओवी रडते, कुकरची शिट्टी.

"काई नाई. असंच लावलता."

"नऊ वेळा असंच?"

"झालं ते. ठेवते, दूध उतू जाईन."

आठ वाजता सून बोलली. आईंचं डोकं दुखतं, लवकर झोपल्या.

शीलाचं डोकं दुखत नाही. लग्नापासून कधी दुखलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

निखिलला विचारलं. म्हणे, आई बरी आहे, काही झालेलं नाही. "पण बाबा, तुम्ही उचलला का नाही?" सगळं सांगितलं, डबा, टोकन, वासुदेव. खूप हसला. हल्ली शहरात लोक पैसे देऊन असं करून घेतात म्हणाला. मला हसू आलं नाही.

मग सहज बोलून गेला, "दुपारीच ती मोकळी असते ना. ओवी दोन ते चार झोपते. आम्ही दोघं ऑफिसात."

दोन ते चार.

मला हे माहीतच नव्हतं. अडीच वर्षं होऊन गेली, आणि माझी बायको दिवसाची कोणत्या वेळी एकटी असते ते मला पोराकडून कळतं.

माहीत नव्हतं हेही खरं नाही. पहिल्या काही महिन्यांत ती दुपारीच फोन करायची. अडीचच्या सुमाराला. मी व्हिडीओत असायचो. फोन आला की वरून तिच्या नावाची पट्टी उतरते आणि चित्र झाकतं. बोटाने वर सरकवली की जाते. मी सरकवायचो. नंतर करतो असं लिहून पाठवायचो, कधी तेही नाही. किती वेळा केलं असेल? मग ते फोन यायचे बंद झाले. मला वाटलं, नातीत रमली.

आणि आता मी शहाणा झालो, दुपार मोकळी केली, तर फोनच डब्यात बंद. स्वतःच्या हाताने नेऊन दिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वासुदेवला टोकन परत केलं. म्हटलं, आजपासून नको. त्याने ते घेतलं, डब्यात टाकलं, झाकण लावलं. चहा विचारला नाही.

दोन ते चार फोन मांडीवर ठेवून बसलो. व्हिडीओ नाही, काही नाही. एक फोन आला, बँकेचं कर्ज हवं का म्हणून. त्या बाईला म्हटलं, लाइन मोकळी ठेवा बाई, महत्त्वाचा फोन यायचा आहे. तो आला नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नाही. तीन वाजता बोट आपोआपच गेलं. चाळीस मिनिटं. कोणीतरी नारळाच्या करवंटीचे चमचे करत होतं. भानावर आलो तेव्हा आधी काय पाहिलं, तर तिचा फोन येऊन गेला का. आला नव्हता. सुटलो असं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

हा काय वेडेपणा आहे. तिने करायचा, मी वाट बघायची, हे कुठे लिहून ठेवलं आहे? उद्या मीच लावतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सव्वादोनला लावला. पहिल्या घंटीला उचलला. कुजबुजत, "काऊन लावला? तबेत बरी हाय ना? पडले-बिडले का?"

मी दुपारी फोन केला म्हणजे पडलोच असणार. एवढी माझी ख्याती.

"बरा आहे. असंच."

"असंच?"

विचारायचं होतं ते तोंडातून निघेना. सोल्यांच्या आमटीचं सांगितलं. ती म्हणाली, दाणे आधी तेलावर डाग पडेपर्यंत भाजायचे, मग जाडसर वाटायचे. "इकडं नाई भेटत तशा शेंगा. भेटल्या तं कोण खाते? या दोघाईले येळ नाई." सात मिनिटं बोललो. शेवटी तिने विचारलं, "व्हिडीओ नाई पाहून राह्यले का?"

"नाई."

"हं."

त्या "हं"चा अर्थ लावत संध्याकाळ गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

परवा लावला, काल लावला नाही कारण शनिवार, सगळे घरी. परवा विचारलं एकदाचं. "त्या दिवशी काय होतं?" म्हणाली, "जाऊ द्या. येळ निघून गेली त्याची." कसली वेळ? "जाऊ द्या म्हणते ना."

ती रागावली असती तर सोपं होतं. रागावत नाही. शेजारणीशी बोलावं तशी नीट बोलते.

आजचा आकडा एक तास दहा. तीन निवडलेले, बाकी काही नाही. निखिलने पाहिला असता तर शाबासकी दिली असती. मला कशाचाच आनंद नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी वासुदेव दारात. पिशवीत पेरू. थंडीत कानटोपी घालून आला होता. पायरीवरच उभा.

"ये ना आत."

"काय काम म्हणून लिहू?" म्हणाला. मग दोघंही हसलो, थोडंसं.

चहा घेताना म्हणाला, "माह्या बायकोनं लावला असता ना, तरी म्या उचलला नसता. असाच माणूस हाव मी. ती बी म्हणे, तुमी घरी येता पण ड्यूटीवरून उतरत नाई." कपाकडे बघत बसला. "आता उतरलो तं कोणाले सांगू?"

मी त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, खरंच होतं ते.

मग या आठवड्यातला दुसरा व्हिडीओ दोघांनी मिळून पाहिला. लोहार विळा घडवतो तो. वासुदेव सबंध वेळ बोलत होता. "थो पाय, थो पाय, ठोका कसा मारते. आपल्या इथचा शंकर याच्याहून चांगला मारे." कोणी असं बडबडलं तर मी चिडायचो पूर्वी. शीला बोलायची मध्येमध्ये. तेव्हा मी आवाज वाढवायचो.

६ डिसेंबर, शनिवार

पांढरा सदरा घालून विहारात. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. बायकांच्या रांगेत पुढे शीला असायची, आवाज तिचाच वर यायचा. चार जणींनी विचारलं, "शीलाताई औंदा बी नाई आल्या?" येईल, म्हटलं. चारदा. चौथ्यांदा म्हणताना स्वतःलाच ऐकू आलं, की मला हे माहीत नाही.

घरी येऊन सदरा काढून खुंटीला लावला. कोण कोण आलं होतं, कोणाचं भाषण लांबलं, खीर कशी होती, हे सगळं सांगायला होतं. भिंतीला सांगता येत नाही. फोन उचलला आणि व्हिडीओ लावले. सलग, काहीही. तीन तास. नोंद केली नाही. आता करतो: तीन तास. काम: एकटं वाटत होतं.

हे खरं काम आहे. पहिल्याच दिवशी हे लिहायला हवं होतं.

८ डिसेंबर, सोमवार

दोन दहाला लावला. आज सगळं लिहितो, जसं झालं तसं.

ओवी झोपली होती. शीला स्वयंपाकघरात जाऊन बोलत होती, दार लोटल्याचा आवाज आला. मी म्हटलं, परवा तीन तास पाहिले. म्हटलं, विहारातून आलो आणि तू नव्हतीस, म्हणून. असं वाक्य मी आयुष्यात तिला बोललो नव्हतो.

ती म्हणाली, "त्या दिवशी मले विचाराचं होतं."

"काय?"

"मी घरी येऊ का."

"घरी याले विचारते का कोणी?"

"घरात कोणी असन तं माणूस येते. तुमी असता का, ते विचाराचं होतं."

मग तिने सांगितलं. त्या सकाळी निखिल आणि सुनेने तिला बसवून विचारलं होतं. ओवीची शाळा सुरू होणार, ने-आण करायला घरचं माणूस पाहिजे, आणखी दोन-तीन वर्षं राहशील का. बळजबरी नाही, प्रेमानेच विचारलं. संध्याकाळपर्यंत सांगते, असं ती म्हणाली. ओवी झोपल्यावर मला लावत राहिली. "एक येळ वाटलं, बाथरूमात असतील. मंग वाटलं, झोपले असतील. पाचव्याले समजलं, काई पाहून राह्यले असतील."

"नव्हतो पाहत," मी म्हटलं. वासुदेव, डबा, टोकन, सगळं सांगितलं. निखिल हसला होता तशी ती हसेल असं वाटलं. हसली नाही.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"महिना झाला की सांगणार होतो."

"मले महिना नव्हता पाह्यजे. मले त्या दिवशी पाह्यजे होते तुमी."

म्हटलं, चुकलं माझं. त्या दिवशीचं नाही फक्त, आधीचंही. बॅग भरत होतीस ना, तेव्हाचं. मला ऐकू आलं होतं.

"माईत हाय मले," ती म्हणाली. "तुमचं बोट थांबलं होतं थोडंसं."

मग मी विचारलं, निखिलला काय सांगितलंस?

"हो म्हणून देलं."

"नाई म्हणता येते अजून."

"येते."

"मग?"

"पाहू. पोरीचं बी पाहा लागते. तिले सवय झाली माही." मग म्हणाली, "आन तुमचं किती दिवस टिकते, ते बी पाहू द्या मले."

टिकेल असं मी कशाच्या जोरावर सांगू. परवाचेच तीन तास आहेत.

"थांबा," म्हणाली, "भाजी फोडणीले टाकते म्हणत होती, तशीच राह्यली. ठेवू नका." फोन ओट्यावर ठेवला असावा. आवाज यायला लागले. विळीवर काही चिरलं. मोहरी तडतडली. डब्याचं झाकण निघेना म्हणून ती स्वतःशीच पुटपुटली. पडद्यावर काही नव्हतं, काळं नुसतं. मी फोन कानाशी धरून बसलो. खुर्चीवर, पाय खाली सोडून. दहा मिनिटं, बारा, पंधरा. मध्ये दारावर कोणी हाक मारली, मी उठलो नाही.

पाण्याचा नळ बंद झाला. शीला जवळ आली.

"हाय का अजून?"

"आहे."

"बरं," म्हणाली, आणि पुन्हा भाजीकडे गेली.